ताटातलं शेवाळ

३ मार्च
आले एकदाची! मूल या तालुक्याच्या गावापासून आत, जंगलाला टेकलेलं खेडं आणि पुढ्यात भलामोठा तलाव. काठावर शेवाळाचे इतके प्रकार, की माझ्या शेवाळाच्या पुस्तकातले निम्मे फोटो इथेच उरकतील. मुखरूभाऊ आणि वच्छलाबाईंकडे उतरलेय. भाऊ तलावात मासे धरतात. बाईंनी आल्या आल्या भात आणि झिंग्याचा रस्सा वाढला. बोटं चाटत जेवले.

५ मार्च
लोक फुलपाखरांमागे धावतात, मी शेवाळामागे. पण हात लावायला मला अजूनही किळस येते. शेंबडासारखं चिकटतं, ओढलं की लांबतं, वर कुजका वास. फोटोत मात्र नुसतं रेशीम! पाण्यात पसरल्याशिवाय त्याचे धागे दिसत नाहीत. माझी पांढरी बशी प्रवासात फुटली, म्हणून बाईंचं जेवणाचं ताट घेतलं, पाणी घालून त्यात शेवाळ तरंगवलं. पडवीत बसून झकास फोटो काढले. मग ते न्हाणीत भिरकावलं आणि ताट घासून ठेवलं.

६ मार्च
ताटाचं कळल्यापासून बाई घुश्श्यात आहेत. इथे धान निघालं की तलावाला पाळीवर, म्हणजे त्याच्या बांधावर, पत्रावळीत जेवण वाढतात आणि मागे न बघता परततात. घरात त्याला कुणी पान मांडत नाही. म्हणाल्या, "ताटात घेतलं म्हंजे त्याले जेवाले बसवलं, बाई. अन् तुमी त्याले अर्धपोटी उठवलं." मला हसू फुटलं. शेवाळाला कसलं आलंय पोट! बाई हसल्या नाहीत.

८ मार्च
कॅमेऱ्यात सगळं हिरवट दिसतंय. लेन्स पुसली, बदलली, तरी तेच. मग कॅमेरा बाजूला ठेवून नुसत्या उजव्या डोळ्याने भिंत पाहिली.
भिंतही हिरवी.

९ मार्च
मूलच्या डॉक्टरांनी थेंब दिले. म्हणाले, डोळा स्वच्छ आहे. मला भीती वाटतेय, लपवून काय करू? याच डोळ्यावर माझं पोट आहे. डाव्याने मला फ्रेम जुळवताच येत नाही.

११ मार्च
सकाळी तोंड धुताना डोळ्याच्या कोपऱ्यात धागा लागला. ओढला. लांबतच गेला, ओढ थेट टाळूपर्यंत जाणवली. तोच कुजका वास. भडाभडा ओकले. ओकारीही हिरवी, आणि हलत — शी!

१२ मार्च
मुखरूभाऊंनी माझ्यासाठी पाळीवर पत्रावळ वाढली. शिताला मुंगीसुद्धा लागली नाही. भाऊ म्हणाले, त्याले घरात बसवलं, तो आता घरातच जेवनार. बाई म्हणतात, खाऊ द्या पोटभर. मग विचारायचं, पोट भरलं का. हो म्हणाला की तो आपणहून उठतो.
काय खाऊ द्यायचं, ते दोघंही सांगत नाहीत.

१३ मार्च
उजवीकडे काळोख. पापणी आत बसलीय — बोट लावलं. गिळगिळीत, पोकळ. माझंच शरीर, आणि मला त्याला शिवायची किळस —

१४ मार्च
दुखायचं थांबलं. एक गेला, एक आहे. शिकेन डाव्याने, शिकेनच.
बाई समोर बसल्यात. विचारा म्हणतात.
विचारलं — पोट भरलं का
डाव्या कोपऱ्यात गार — बुळबुळ —
बाई, उठू नका, हात धरा, मला तुम्ही दिस