मीच बुजवलेलं सवणं

१४ जाने., वालूर
सहा महिन्यांनी घरी. उंबऱ्यातच डोळे चुरचुरले. माय दिसायच्या आधी खोकला ऐकू आला. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या. "आलास का रं फिरस्त्या? खाली बस, वर धूर लय हाय." आमच्या घरात कुणी उभं राहत नाही.

१५ जाने.
मायला घेऊन सेलूच्या दवाखान्यात. डॉ.नं छाती तपासली. "आजी, बिडी ओढता का?" वय पंचेचाळीस, आजी! मायनं पदर तोंडात घातला. मी म्हणलो, चूल. फुप्फुसं गेली ती परत येत नाहीत म्हणे. उरली ती वाचवा, धूर बंद करा.

१६ जाने.
गॅस आहे. फुलाफुलाचं कापड घालून कोपऱ्यात, पाव्हण्यांच्या चहापुरता. बापू, म्हणजे माझा बाप, म्हणतो, "भाकर चुलीवरचीच पायजे." खातो हा, फुंकते ती.

१७ जाने.
खरं लिहूनच टाकतो. जुन्या घराच्या मातीच्या माळवदाला सवणं होतं, त्या भोकातून धूर वर जायचा. घरकुलाचा स्लॅब टाकताना मिस्त्रीनं विचारलं, चुलीवर भोक ठिवू का? बापू रानात. मीच म्हणलो, "स्लॅबला भोक? लोक हसतील." आठ दिवसांत पुण्याला पळालो. तीन वर्षं झाली. मायला बिडी मीच पाजली.

१९ जाने.
धुराला भोक पाडायचं ठरवलं, छिन्नी आणायला सेलूला गेलो. दोस्त भेटला, त्याच्या गाडीवर चारठाणा. देवळं बघत बसलो, दगडात काय कोरलंय राव! छिन्नी राहिली. मायनं विचारलंसुद्धा नाही.

२० जाने.
शेजाऱ्याची छिन्नी मागून चुलीमागची भीत फोडायला घेतली. बापू: "घर पाडायलास का?" माय: "पाडू द्या, तेवढंच वारं." चार बोटं आत गेलो अन् पुण्याहून फोन. काम आहे, परवा ये. बोलत बोलत पारापर्यंत गेलो. मग पत्ते...

२२ जाने.
पिशवी भरली. मायच्या पाया पडायला चुलीपाशी वाकलो. अर्ध्या भोकात काडीपेटी अन् मिठाची पुडी. "बरा कोनाडा केलास," खोकत म्हणली. टोमणा नव्हता. तेच लागलं.
काडीपेटी काढून तिच्या हातात दिली. छिन्नी उचलली.
"मंग ही ठिवू कुठं?"
बाहेर मला न्यायला आलेला जीपवाला हॉर्न वाजवायलाय.