पडवीतलं भोक

३ जुलै, गुरुवार

आलं एकदाचं! दिशाकडे कपडे वाळवायचं मशीन आलं. दोन माणसं टेम्पोतून उतरवत होती तेव्हा मी दारातच एक ब्लाऊज उसवत बसले होते. उठले नाही. बघितलं मात्र सगळं.

घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. अलीकडे मी, भरत आणि आमची ऋतिका, पलीकडे धाकटा दीर मंगेश आणि दिशा. मागची पडवी तेवढी दोघींची. त्या पडवीच्या भिंतीला त्यांनी आज गोल भोक पाडलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मशीनमधली गरम दमट हवा तिथून बाहेर पडणार म्हणे. म्हणजे वाळलेले कपडे तिच्याकडे आणि वाफ माझ्याकडे!

मंगेश म्हणाला, बाळाची दुपटी वाळत नाहीत म्हणून घेतलं. चार महिन्यांचं बाळ आहे, खरंच वाळत नसतील. ऋतिकाच्या वेळी मी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर तिची दुपटी वाळवली. अख्खा पावसाळा. एक हात टोपलीवर, एक हात शिलाई मशीनवर. तेव्हा कुणाला काही घ्यावंसं वाटलं नाही.

५ जुलै, शनिवार

दिवसभर घूं घूं. भिंतीपलीकडून ऐकू येतं. एक तास घूं घूं, मग टिंग टिंग, की झाले कपडे! माझ्या दोऱ्या बुधवारपासून भरलेल्याच आहेत. भरतची पँट हाताला अजून चिकट लागते.

मला हेवा वाटतो. लिहून टाकलं. कागदाला काय सांगायची चोरी.

८ जुलै, मंगळवार

आई आल्या कुडपणहून. पावसात डोंगरावरच्या गारठ्याने सासूबाईंचे गुडघे धरतात, मग खाली महाडला माझ्याकडे येतात. माझ्याकडे! बारा वर्षं त्यांचा पलंग माझ्या खिडकीखाली. तेल मी लावते, शेकायला मीठ मी गरम करते.

पिशवी माझ्याकडेच ठेवली. मग बाळाला बघायला म्हणून पलीकडे गेल्या त्या जेवायच्या वेळेला उगवल्या. एसटीतून उतरताना भिजलेलं लुगडं दिशाने मशीनमध्ये फिरवून दिलं होतं. माझ्यापुढे पदर धरून म्हणाल्या, "हात लाव गो शकू. चुलीपुढनं उठल्यागत हाय."

लावला हात. गरम होतं. चांगला वास येत होता. मी म्हटलं, भाकरी निवतेय, बसा.

११ जुलै, शुक्रवार

आज भांडण व्हायचंच बाकी होतं. शिवायच्या आधी अस्तर आटवून घेतात, तसं चंपाबाईंच्या ब्लाऊजचं काळं अस्तर पाण्यातून काढून पडवीत घातलं होतं. दुपारी बघते तर त्यावर सगळीकडे पांढरी लव! पिंजाऱ्याच्या दुकानातून आणल्यासारखं. भोकातून गरम हवेबरोबर उडून आलेली. चिमट्याने वेचत बसले तासभर.

दिशाकडे गेले. म्हटलं, हे काय? ती खजील झाली. मशीनच्या दारात एक जाळी असते, तिच्यात कपड्यांची लव साठते, ती दर वेळी काढायची असते, पण बाळ रडायला लागलं की राहून जातं. जाळी ओढून दाखवली तर तिच्यावर चांगला बोटभर जाड थर! मऊ, राखाडी. सोलून काढला तर एका तुकड्यात निघाला.

मग म्हणते, ताई, तुम्हीपण टाकत जा ना तुमचे कपडे. मी म्हटलं, आमचे वाऱ्यावर वाळतात.

कुठला वारा! आठ दिवसांत पान हललेलं नाही.

१४ जुलै, सोमवार

गंमत झाली. सकाळी आई पडवीत आल्या, भोक बघितलं आणि कपाळावर हात मारला. वर कुडपणला पावसाआधी घराची सगळी भोकं बुजवतात, नाहीतर नानेट्या आत शिरतात. विषारी नसल्या तरी साप तो सापच. आई तेवढ्यावर थांबतात थोड्याच. गोणपाटाचा तुकडा घेतला, त्याचा घट्ट बोळा केला आणि काठीने ठोकून ठोकून भोकात बसवला. मला म्हणाल्या, शहरात राहून अक्कल गेली तुमची, तान्हं पोर हाय घरात.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, राहू दे. बघू तरी काय होतं.

१६ जुलै, बुधवार

दोन दिवस तिकडे कपडे वाळेनात! दोन-दोन तास फिरवले तरी दमट. माझा दिवस किती बरा गेला, काय सांगू. दिशाने दोरी बांधली घरात. मी तिला चिमटे दिले, वर प्रेमाने.

संध्याकाळी मशीनच्या दुकानातून दुरुस्तीवाला दीपेश आला. मशीन पुढे ओढलं, मागचा चंदेरी पाइप काढला, मग पडवीत येऊन बोळा उपसला. सगळे हसले. आई लाजल्या, पदर तोंडाला लावून बाळाकडे निघून गेल्या.

दीपेश मात्र हसला नाही. दिशाच्या हातात बाळ, म्हणून त्याने सगळं मला समजावलं. जाळी दर वेळी काढायची. पाइप महिन्याने काढून आतून ब्रश फिरवायचा. बाहेरचं भोक मोकळं पाहिजे. तो लवेला लिंट म्हणतो. "वहिनी, कोंडलं ना, तर हे लिंट आतल्या आत तापतं. कापूसच तो. पेटायला किती वेळ लागतो?"

मी मान डोलावली. जाळीचं काम माझ्याकडे आलं. दिशा म्हणाली, ताईंचा हात कामाला बसतो, माझ्याच्याने होत नाही. एवढं गोड बोलते की रागावताही येत नाही. त्याचाच राग येतो.

१९ जुलै, शनिवार

आज जाळी काढली आणि लव खिडकीशी नेऊन बघितली. वीस वर्षं कापड हाताळतेय, धागा मला फसवत नाही. पांढरं ते बाळाचं. निळं मंगेशच्या कंपनीच्या शर्टाचं, तो एमआयडीसीत केमिकलच्या प्लँटवर आहे. हिरवं आईंच्या लुगड्याचं, पुष्कळच हिरवं, म्हणजे रोजच टाकतात तिकडे. मला म्हणतात, तुझ्याकडंच वाळलं गो, पंख्याखाली.

आणि पिवळं. हळदीसारखं पिवळं. या घरात त्या रंगाची एकच ओढणी आहे. मी स्वतः तिला पिको केलाय.

ऋतिका कॉलेजातून आल्यावर विचारलं. आधी म्हणाली नाही. मी लव पुढे धरली. मग खाली बघत म्हणाली, "आई, आपल्या कपड्यांना वास येतो. बाकावर मुली सरकून बसतात." दहा दिवस ती मी झोपले की, नाहीतर मी बाजारात गेले की काकूकडे कपडे नेतेय. काकूने आणि आजीने मिळून हे माझ्यापासून लपवलं. माझी मुलगी, माझी सासू, आणि दिशाचं मशीन!

सबंध दुपार पायाने शिलाई मशीन चालवत राहिले, सुईत दोरा नव्हता ते मागाहून कळलं.

आता मी त्या जाळीला हात लावणार नाही. करू दे तिचं तिला.

२२ जुलै, मंगळवार

आईंचा पलंग पलीकडे गेला. भरत आणि मंगेश, दोघा भावांनी उचलून नेला. बाळ रात्री उठतं, दिशाला झोप मिळत नाही, म्हणून. आई म्हणाल्या, भिंतीपलीकडंच तर हाय मी.

भरतला म्हटलं, मला विचारलंत? तो म्हणाला, त्यात काय विचारायचं. खरंच, काय विचारायचं. खिडकीखाली जागा मोकळी झाली, आता तिथे शिलाईचं टेबल बसेल.

बारा वर्षं मीठ गरम केलं. एका मशीनने पंधरा दिवसांत नेलं सगळं.

२३ जुलै, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. पडवी झाडली.

२४ जुलै, गुरुवार

अंगाला अजून धुराचा वास आहे. आजचं लिहिते.

सकाळी साडेदहा. मंगेश पहिल्या पाळीला, भरत बाहेर, ऋतिका कॉलेजात. आई कोपऱ्यावर दुधाची पिशवी आणायला गेलेल्या. दिशा अंघोळीला. बाळ तिकडच्या खोलीत झोपलेलं आणि मशीन सकाळपासून लागोपाठ तिसऱ्यांदा चाललेलं. मी पडवीत होते. करपल्यासारखा वास आला. दूध नव्हे, कापड. इस्त्री विसरल्यावर येतो तो.

धावले. मशीनच्या मागून धूर, काळा. आधी बटण बंद केलं, पिन उपसली, मग बाळाला उचललं आणि रस्त्यावर आले. दिशा ओल्या केसांनी किंचाळत बाहेर आली. शेजारच्या सदूभाऊंनी वाळूची बादली आणून ओतली. जाळ झाला नाही. आतली लव कोळशासारखी झाली होती, पाइप आतून काळा. दुकानातून आलेला दीपेश म्हणाला, अजून पाच मिनिटं, की पडदा धरला असता. पडद्याखाली पाळणा.

मग तो पडवीत गेला आणि भोकातून बोळा काढला. गोणपाटाचा. पुन्हा!

सगळे आईंकडे बघायला लागले. मंगेश कामावरून धावत आला होता, तो ओरडला, एकदा सांगितलं होतं ना? आई दुधाची पिशवी हातात धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मीच घातला," म्हणाल्या. "नानेटी दिसली मला."

मंगेश आईला असं बोलला, की मी कधी ऐकलं नव्हतं. पोर मारलं असतंस म्हणाला. दिशा माझ्या गळ्यात पडून रडत होती. "ताई, तुम्ही होतात म्हणून." हेच परत परत.

२७ जुलै, रविवार

आळीतल्या बायका येऊन जातात. सगळ्यांना मीच सांगायचं, वास कसा आला, पिन कशी काढली. भरत चौकात सांगत सुटलाय. मंगेश पाया पडला. दिशाने मशीन दुरुस्त करून घेतलं आणि म्हणाली, ते आजपासून तुमचं समजा, तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ऋतिकाने येऊन मिठी मारली, किती दिवसांनी. इतकी वर्षं मी याचीच तर वाट बघत होते.

आई आज गेल्या. भर पावसात, गुडघे सुजलेले. मंगेश तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही, बाळ त्यांच्या हातात दिलं नाही कुणी. त्यांनीच पिशवी भरली. मी म्हटलं, माझ्याकडे राहा, पलंग परत आणू. मान हलवली फक्त. स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "आता परत कोण भोक बुजवणार नाय. नाय ना गो?"

मी नाही म्हटलं. गाडी सुटेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

३० जुलै, बुधवार

जाळी दर वेळी काढते. पाइपला ब्रश फिरवला. लवेत हिरवा धागा नाही.

कुडपणला फोन लागत नाही. लागला तरी काय बोलू.

२ ऑगस्ट, शनिवार

तेवीस तारखेला मी पडवी झाडली नव्हती. दुसरा बोळा मी घातला. मशीन बंद पडावं, एवढंच मनात होतं. काठीने ठोकून वळले, तर आई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभ्या होत्या.