तिची गाडी आमच्या अंगणात

३ फेब्रुवारी
आज गाडी आली — तिची! चावी माझ्या तळहातावर टाकली. "पुढून खडखडते रे, बघ ना." परवा ती परगावी नोकरीला जातेय. "सुट्टीत येईन तोवर धड करून ठेव. मग लांब जाऊ कुठेतरी." आपण दोघंच ना? — विचारायला जीभ रेटली नाही.

५ फेब्रुवारी
गेली. तिच्या घरचे सगळे स्टेशनवर. मी खांबाआड.

८ फेब्रुवारी
पुढच्या चाकांचे धक्के झेलणारे दोन्ही शॉक गेलेत. नवे घालायचे तर आधी त्यांच्यावरच्या स्प्रिंगा उतरवायला हव्यात. मामाने गॅरेजातून स्प्रिंग आवळायचे दोन आकडे दिले आणि दमही भरला — "समोरासमोर लाव. थोडं या बाजूचं आवळ, थोडं त्या बाजूचं. स्प्रिंग हाताला सैल लागली, की मगच वरचा नट. तोंड समोर न्यायचं नाही! हे काय कॉलेज नाही, मधेच सोडायला." टोमणा मारल्याशिवाय याला घास उतरत नाही.

११ फेब्रुवारी
तिने फोन उचललाच नाही. परत लावला — नाही! डोकं सणकलं. त्याच तिरीमिरीत आवळायला बसलो. एकच बाजू, गरागरा. स्प्रिंग केळ्यासारखी वाकली, आकडा सरकला — कर्रर! आई दारातून किंचाळली, "बाजूला हो आधी! मेली ती गाडी!"
मामाला बोलावलं. त्याने एका अंगाला राहून हळूहळू सगळं सैल केलं. मग आकडे पुसून पुन्हा माझ्याच हातात दिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ फेब्रुवारी
तिचा मेसेज. 'कामात होते. गाडी झाली का?'
माझं काय झालं ते विचार की!

१५ फेब्रुवारी
आज शहाण्यासारखं केलं. या बाजूला थोडं, त्या बाजूला थोडं. स्प्रिंग सैल फिरली, नट सुटला, शॉक अलगद हातात. नवा बसवला. दुसऱ्या चाकाचंही तसंच. संध्याकाळी चक्कर मारून आलो. खड्ड्यांतून हूं नाही की चूं नाही! शेजारची सीट रिकामी, तरी सावकाशच चालवली — तिला हिसके सोसत नाहीत.
'झाली!' म्हणून कळवलं. लगेच उत्तर — 'तू ग्रेट आहेस!!' आई म्हणाली, "एकटाच काय हसतोयस?"

१७ फेब्रुवारी
सकाळी दारात एक गृहस्थ. मागे बायको, तिच्या कडेवर मूल. "गाडी न्यायला आलोय. बाईंनी आम्हाला विकली ना! त्या आता तिकडेच राहणार. लग्न ठरलंय म्हणे."
चावी दिली.
"नीट आहे ना हो? लेकरू असतं सोबत."
नीट आहे, म्हटलं.