थोरला की धाकटा?

११ ऑगस्ट
परत कोर्टात, आता रोज! स्तनाच्या कॅन्सरचे सहाही डोस संपले, डोक्यावर लव उगवली, आणि मी माझ्या जागी – साक्षीदाराशेजारी, दुभाष्याच्या खुर्चीत. डोस चालू असतानाही जमेल तशी येतच होते. डोंगरापलीकडची बोली येणारी इथे मी एकटीच. माझ्यावाचून अडतं!

आज मात्र एक शब्द पळाला. साक्षीदाराने त्याच्या बोलीत कडी म्हटलं, मला इकडचा शब्द सुचेना. मी म्हणाले, "ते... दाराला लावतात ते."
कारकून फिस्सकन हसला. "बाई, दाराला रंगही लावतात!"
मीही हसले. दोन मिनिटांनी सापडला शब्द.

१४ ऑगस्ट
मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे. केमोने मेंदूवर काय परिणाम होतो याचा त्या अभ्यास करतात, त्यात मी नाव दिलंय. डोस सुरू होण्याआधी एक एमआरआय, आता दुसरा. दोन्ही शेजारी लावून दाखवले. पुढच्या भागातला करडा थर आधीपेक्षा किंचित पातळ झालाय. शब्द न सापडणं, दोन कामं एकदम न जमणं – बऱ्याच जणी सांगतात म्हणे. पुष्कळदा हळूहळू सावरतंही.

"म्हणजे माझं डोकं खरंच हलकं झालंय!"
त्या हसल्या. मला तर हायसं वाटलं. मनाचे खेळ नाहीत, फोटोत दिसतंय!

१७ ऑगस्ट
सासूबाईंशी फोनवर वीस मिनिटं बोलले. नवऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या? आठवेना. एका अर्थी बरंच!

१९ ऑगस्ट
कडी गेली, हरकत नाही. न सापडलेला शब्द कळतो तरी. पण एकाच्या जागी दुसराच शब्द तोंडातून गेला असेल तर? मला पत्ताही लागणार नाही.

डोस चालू असताना केलेल्या खटल्यांची रेकॉर्डिंगं मागितली. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "तक्रार कोणाची आहे?"
"माझीच. माझ्याविरुद्ध."
नवरा म्हणाला, "कशाला सुखातला जीव दुःखात घालतेस?"
जीव माझा नाही ना पण. साक्षी दुसऱ्यांच्या.

३० ऑगस्ट
चौदा खटले. एकेका खटल्याच्या सगळ्या तारखा एकाच फाईलीत जोडलेल्या, तासन्‌तास चालतात. नऊ ऐकले. एक चूक नाही! स्वतःचीच पाठ थोपटली.

६ सप्टेंबर
बारावा खटला. गोदामाच्या आगीचा, दोन भावांपैकी धाकट्यावरचा. शेजारीण सांगतेय – थोरल्याला कुंपणावरून उडी मारताना पाहिलं. आणि माझा आवाज, ठणठणीत, न अडखळता – "धाकट्याला."

पाच वेळा ऐकलं. थोरला. धाकटा. थोरला. धाकटा.

मागे आरोपीच्या पिंजऱ्यातून कोणीतरी ओरडतंय. तोच असणार, धाकटा; इकडचा तेवढा शब्द त्यालाही कळला. "गप्प बसा" असं त्याला सांगितलं गेलं. तेही मीच भाषांतर करून सांगितलं, स्पष्ट शब्दांत.

सात वर्षांची शिक्षा झालीय त्याला.

८ सप्टेंबर
न्यायाधीशांच्या खोलीत गेले. रेकॉर्डिंग लावलं, मग स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज ठेवला – केमोच्या परिणामामुळे माझ्याकडून शब्दाची अदलाबदल झाली.

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग, "याचा अर्थ कळतोय ना? तुम्हाला काढावं लागेल कदाचित."
"चालेल. आधी त्याला काढा."

२२ सप्टेंबर
धाकट्याला जामीन! खटला पुन्हा चालणार. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याची आई भेटली. मला वाटलं, शिव्या देईल. मीही ऐकून घ्यायला उभीच होते. ती माझ्या डोक्यावरच्या लवेकडे बघत राहिली. म्हणाली, "औषधाचा दोष गं बाई, तुझा नाही." नवराही तेच म्हणतो, डॉक्टरीणबाईही. न्यायाधीशांनी नोकरी ठेवली – सहा महिने जोडीला दुसरा दुभाषी बसणार, बाहेरगावाहून. मला मान्य! मी सावरणार आहे. आज तीन साक्षी झाल्या. एकही शब्द पळाला नाही.

२९ सप्टेंबर
निकालाची नक्कल मिळाली, सगळ्या तारखांसकट. शेजारणीची साक्ष ११ मार्चची. माझा पहिला डोस २ एप्रिलचा.

आज नवा अर्ज दिला. नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची सगळी रेकॉर्डिंगं हवीत.