परवानगीची वाट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग उतरलेला नाही. आज सरळच विचारते, मुसफ्फातली ती भिंत तुमच्या गळी उतरली तरी कशी?

शुक्रवारची, सुट्टीची सकाळ. अबूधाबीच्या आपल्या स्वयंपाकघरात आई पोहे परततेय आणि तुम्ही ओट्याला टेकून मला तुमचा लाडका खटला सांगताय, एकोणिसाव्या शतकातला, हायकोर्टात गेलेला. शहराची नगरपालिका विरुद्ध एक बडी इस्टेट. मालकाने जुन्या वाटेवर फाटक घातलेलं. म्हणे, लोक चालत होते ते आमच्या परवानगीने. कोर्टाने ते मानलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक चालले, ती वाट लोकांचीच. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. वकील व्हायचं मी तिथेच ठरवलं.

मी बारावीत असताना मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीत तुमच्या कंपनीने यार्ड वाढवायला कामगारांच्या कॅम्पमागे भिंत घातली. दुकानांकडे, बसकडे जाणारी त्यांची पायवाट बंद. ट्रकच्या रस्त्याने वळसा घालून जायचं. आपल्याकडे शुक्रवारी जेवायला येणारे साताऱ्याचे वेल्डरकाका तिथेच ट्रकखाली सापडले. पाय गेला. कामगारांनी वाट परत मागितली, आणि कंपनीचे लीगल ऑफिसर म्हणून उत्तर तुम्ही दिलंत. जेवताना आईला किती सहज सांगत होतात, "वाट त्यांची नव्हतीच. आपण परवानगी दिली होती, ती काढून घेतली. खलास."

"बाबा, दॅट्स द इस्टेट्स आर्ग्युमेंट!" मी ओरडले.

"मराठीत बोल," तुम्ही म्हणालात. "आणि ते कोर्ट होतं. ही नोकरी आहे."

मराठीत बोल! तेवढंच सुचलं तुम्हाला? दुसऱ्या दिवशी खजूर घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलात. काकांनी तुमचे हात धरले. "साहेब, तुम्ही आहात म्हणून धीर आहे," म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत! मी दारात उभी राहून हे पाहत होते. काका कुबड्या घेऊन गावी परतले. भिंत तशीच राहिली. तो खटला तुम्ही पुन्हा कधी सांगितला नाहीत, आणि 'चुकलं' हा शब्द तुमच्या शेवटच्या आजारपणातही मला ऐकायला मिळाला नाही.

हे पत्र जाणार कुठे? आता मीही एका कंपनीत तुमच्यासारख्याच खुर्चीत बसते. तसलं उत्तर लिहायची वेळ अजून आलेली नाही. आली तर मी काय लिहीन, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि त्याचाही राग मी तुमच्यावरच काढतेय.