मानेला नामांकन नसतं

१६ जानेवारी

नामांकनं आली. विनताचं नाव आहे. माझं नाही.

दोनदा वाचलं. तेवढ्यात प्रणोतीचा पुण्याहून फोन — “बाबा, आईला सहायक अभिनेत्रीचं नामांकन!” मग जरा थांबून, “तुमचंही काम चांगलंच होतं.” चांगलंच! मुलगी आहे म्हणून बोलली.

विनता म्हणाली, “अच्छा,” आणि कुकर लावायला गेली.

१७ जानेवारी

झालं कसं ते एकदा लिहून टाकतो. डोकं शांत होईल.

फॅक्टरीची नोकरी सांभाळून मी तीस वर्षं मराठी मंडळाच्या नाटकांत कामं केली. राजा झालो, वकील झालो, एकदा विदूषकाला ताप आला म्हणून तोही झालो. विनता एकाही नाटकात नव्हती. ती विंगेत बसून माझा शेला सांभाळायची.

मागच्या वर्षी अनुपम नावाचा मुंबईचा दिग्दर्शक इथून जवळच, सिहोऱ्याला, हिंदी सिनेमा करायला आला. कोर्टकचेरीत जन्म घालवलेल्या म्हाताऱ्याचं काम मला मिळालं. म्हाताऱ्याच्या बायकोचं काम करणारी बाई आयत्या वेळी आलीच नाही. विनता माझा डबा घेऊन आली होती. अनुपमनं तिला खुर्ची दाखवली — “आंटीजी, आप बस बैठ जाइए. कुछ बोलना नहीं है.”

बसली.

मला चार पानांचं भाषण होतं. एका दमात म्हटलं, एक अक्षर चुकलं नाही. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या! सिनेमा लागला तेव्हा कळलं — त्या वेळी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझा फक्त आवाज येतो. आणि उजव्या कोपऱ्यात एक मान दिसते. ती माझी.

मानेला नामांकन नसतं.

१९ जानेवारी

मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत आले. “नीलकंठराव, हा तुमच्यावर सरळ सरळ अन्याय आहे. मंडळ निषेध करणार!”

मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

विनता चहा घेऊन आली. विष्णुपंत निषेध मधेच थांबवून म्हणाले, “वहिनी, अभिनंदन बरं का,” आणि पुन्हा निषेधाकडे वळले.

२३ जानेवारी

मुंबईत गोंधळ सुरू आहे. एका मोठ्या नटीचं नाव राहिलं, म्हणून तिचे चाहते खवळले. म्हणतात, जिनं तोंड उघडलं नाही तिला नामांकन, हा कुठला न्याय? विनताचा फोटो लावून काय काय लिहिलं आहे लोकांनी. प्रणोती फोनवर रडली. विनता तिलाच समजावत होती — “अगं, खरंच नाही उघडलं मी तोंड.”

२४ जानेवारी

इथल्या एका हिंदी पेपरातून फोन आला होता. मुलगा अदबीनं बोलला. सर, तीस वर्षांचा अनुभव, सर, आपलं मत. मी म्हटलं, अभिनय ही साधना आहे. कॅमेऱ्यासमोर नुसतं बसणं म्हणजे अभिनय नव्हे.

हे मी आपलं सर्वसाधारण बोललो.

२५ जानेवारी

छापून आलं. ‘पति ने भी उठाए सवाल.’

विनतानं सगळं वाचलं. घडी घालून पेपर माझ्या पुढ्यात ठेवला. “फोटो चांगला आला तुमचा.”

भांडली असती तर मी सांगितलं असतं की त्या मुलानं ‘सर्वसाधारण’ हा शब्द गाळला. भांडलीच नाही.

२७ जानेवारी

आता मुंबईचे चॅनेलवालेही तेच वाक्य दाखवून राहिले. तीस वर्षांत माझं एकही वाक्य एवढं गाजलं नाही.

१४ फेब्रुवारी

विनता समारंभाला मुंबईला गेली. प्रणोती पुण्याहून तिकडे येईल. मलाही बोलावणं होतं. गुडघा दुखतो म्हटलं. विनतानं कोणता ते विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

विष्णुपंत आणि मंडळाची चार माणसं समारंभ बघायला आमच्याकडे आली.

आत जाताना एका मुलीनं विनतापुढे माईक धरला. आपके पति कहते हैं कि बैठना एक्टिंग नहीं है? विनता म्हणाली, “वो तीस साल से नाटक कर रहे हैं. उनको ज़्यादा पता है.”

मंडळी हसली. मीही हसलो. मग हसू थांबवलं.

पुरस्कार दुसरीला मिळाला. विनता टाळ्या वाजवताना दिसली. विष्णुपंतांनी मांडीवर थाप मारली — “झाला न्याय!”

“कसला न्याय? तुम्ही सिनेमा पाहिला का?”

“अजून नाही.”

“मग काहून बोलून राहिले?”

माझा आवाज चढला. नाटकात चढतो तसा नाही, वेगळाच. मंडळी चहा न घेता गेली.

मग लक्षात आलं, मी तरी कुठे पाहिला होता? मी तो कोपरा पाहिला होता.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहा झाल्यावर तो प्रसंग फोनवर लावला. पहिल्या खेपेला पुन्हा मानच पाहिली. सवय! दुसऱ्या खेपेला मान हातानं झाकली.

मी बोलतो, ती ऐकते. आधी माझ्याकडे बघते. मग डोळे माझ्यावरच असतात, पण ती बघत नसते. मी माझ्या तोऱ्यात बोलतच राहतो. एका जागी ती खाली बघते, पदर सारखा करते. पुन्हा मान वर करते तेव्हा ती दुसरीच बाई असते. एवढंच.

हे मला तीस वर्षांत एकदाही जमलं नाही. लिहायला जड गेलं, पण लिहिलं.

१९ फेब्रुवारी

विनता परत आली. स्टेशनवर गेलो होतो. ऑटोतच सांगून टाकलं — “मी चुकीचं बोललो. तो अभिनय होता. फार मोठा होता.”

ती बाहेर बघत होती. “अभिनय कुठे केला मी?”

मला वाटलं, लाजली.

२१ फेब्रुवारी

विनता मेथी निवडत होती. समोर बसलो आणि विचारलं, “पदर सारखा केलास, तेव्हा मनात काय आणलं होतंस?”

“पुण्याला प्रणोतीकडे जायचं. परत यायचं नाही. बरेच दिवस चाललं होतं मनात. तुम्ही बोलत होता, तेव्हा पक्कं झालं.”

“मग गेली काहून नाहीस?”

“शूटिंग लांबलं.”

“आणि आता?”

ती मेथी निवडत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून राहिलो. काही कळलं नाही.