मामाचे हात

पुणे, १२ फेब्रुवारी १९५८

प्रिय आये,

देवमातेला लावलेली तुझी मेणबत्ती पावली. आपल्या पास्कूचे हात आता कापत नाहीत.

इथल्या नव्या गोळ्यांनी त्याच्या कानात बोलणारे आवाज गेले, पण थरथर सुरू झाली. घरात आणखी कुणाला असं झालं का, डॉक्टरांनी विचारलं. लिलीच्या सोयरिकीपायी तू नको म्हणालीस, तरी मी मामाच्या हातांचं सांगितलं. त्याला वेड्यांच्या इस्पितळात ह्याच गोळ्या होत्या. काही घराण्यांच्या अंगाला त्या सोसत नसाव्यात, डॉक्टर म्हणाले, आणि गोळी अर्धी केली.

काल पास्कूने वॉर्डातली फाटकी मच्छरदाणी जाळ्याच्या गाठी मारून सांधली.

लिली जेवते ना नीट?

मामाला आपण दारुडा ठरवून होडीवरून उतरवलं. पीत नाही म्हणायचा, ते खरं होतं. त्याला तूच सांग.

तुझा लॉरेन्स